चार बोटं डावीकडे

क्लेमनं पुठ्ठा डॅशबोर्डच्या डाव्या अंगाला उभा टेकवला आणि त्याच्या कडेवरून पेन्सिलीचं टोक हळूहळू काचेपर्यंत फिरवत नेलं. बिअरच्या खोक्याचा पुठ्ठा, मध्ये पोट सुटल्यासारखा कापलेला. गाडीच्या प्रत्येक मॉडेलचा एक, असे अकरा पुठ्ठे वर्कशॉपच्या भिंतीला खिळ्यांवर टांगलेले होते. धडक बसली की डाव्या सीटसमोरची एअरबॅग फुगून जिथवर येते, तिथवरचा तो आकार.

"पुठ्ठ्याला लागलं की तिथं काही बसवायचं नाही," तो म्हणाला. "रेडिओ नाही, स्क्रीन नाही, साधी पेनची क्लिपसुद्धा नाही. पिशवी फुटते तेव्हा समोर असेल ते बरोबर घेऊन येते. तोफेसारखं."

"माहितीय क्लेम. पण ही टारलोची गाडी आहे. एकट्या माणसाचं पोलीस ठाणं. या सीटवर कुणी बसतच नाही."

"रिकामी सीट अशी काही चीज नसते, मेरिन. सीट आहे म्हणजे कधी ना कधी कुणीतरी टेकणार."

"हं," मेरिन म्हणाली. तिच्या ओठांत दोन स्क्रू होते, आणि लक्ष बॉनेटवर ठेवलेल्या फोनकडे. सकाळी पर्लीला पाळणाघरात सोडताना तिचं कपाळ जरा कोमट लागलं होतं. जरा की बरंच, ते तिला ठरवता आलं नव्हतं, तिथल्या बाईंनी हात लावून पाहिला आणि म्हणाल्या होत्या, "अगं, सगळ्याच आया असं म्हणतात."

क्लेम रेल्वेवर आलेलं वायरचं पार्सल आणायला गेला. त्याचा डावा गुडघा गेलेला, त्यामुळे तो फाटकापर्यंत पोचायलाही वेळ लागायचा.

बाळंतपणाची रजा संपवून मेरिन कामावर आली त्याला दहा आठवडे झाले होते. नवरा खाणीवर, दोन आठवडे तिकडे आणि एक आठवडा घरी. ब्रिस्बेनची इंजिनिअरिंगची पदवी घेतलेली मुलगी पोलिसांच्या गाड्यांना दिवे आणि सायरन लावते, यावर गावात सुरुवातीला चेष्टा व्हायची; पण तिच्या हाताखालून गेलेल्या गाडीचा फ्यूज कधी उडाला नव्हता. घरी तिनं प्रत्येक सॉकेटला झाकण लावलं होतं. टेबलाच्या कोपऱ्यांना फोम. पर्ली दुपारी जास्त वेळ झोपली तर ती जाऊन तिच्या नाकाशी बोट धरायची, आणि श्वास लागला तरी खात्रीसाठी आणखी एकदा धरायची.

सार्जंट निव्हन गाडीच्या उजव्या सीटवर बसून स्क्रीनकडे पाहत होता. सत्तावन्नचा असावा. मोठा देह, एक खांदा दुसऱ्याहून खाली. त्यानं मान मागं घेतली, आणखी मागं घेतली, डोकं सीटला टेकलं.

"हे मला दिसत नाही, पोरी."

"चष्मा लावा की."

"चष्मा लावला की रस्ता दिसत नाही. काढला की हे दिसत नाही. म्हणजे कांगारू मारायचा की स्पेलिंग चुकवायचं, एवढंच माझ्या हातात." तो हसला. "हे जरा लांब गेलं असतं ना, तर वाचता आलं असतं. हाताभरापलीकडचं अजून चांगलं दिसतं मला."

"उजवीकडे नाही नेता येत. गिअरला अडतं."

"मग तिकडे? थोडं वर, थोडं डावीकडे. चार बोटं."

मेरिननं पुठ्ठा उचलून परत लावला. त्यानं दाखवलेली जागा पुठ्ठ्याच्या आत होती. फार नाही. चार बोटंच.

"तिथून एअरबॅग येते, सार्जंट."

"कुणासाठी येते?"

"डाव्या सीटवर बसतं कुणी?"

निव्हननं स्टिअरिंगवरची धूळ अंगठ्यानं पुसली. पुसायला फारशी नव्हती.

"कुणी नाही," तो म्हणाला.

तेव्हाच फोन वाजला. पर्लीला एकशे दोन ताप होता, घेऊन जा म्हणत होते. मेरिननं घड्याळ पाहिलं. तीनला दहा कमी. गाडी आजच जायला हवी होती. टारलो तीनशे दहा किलोमीटर, आणि तिथं दुसरी गाडी नव्हती. तिनं ड्रिल उचललं. चार भोकं पाडली, कडा कानशीनं घासून गुळगुळीत केल्या, वायर घासू नये म्हणून रबरी कडी बसवली, स्टँड घट्ट केला आणि हातानं हलवून पाहिला. जराही हलला नाही. मग तिनं तपासणीचा कागद घेतला. 'डाव्या सीटसमोरची जागा मोकळी' या ओळीपुढं बरोबरची खूण केली, खाली सही केली.

निव्हन स्क्रीनवरची अक्षरं मोठ्यानं वाचत होता. "अरे वा! माणसात आलो मी."

क्लेम परत आला तेव्हा गाडी फाटकाबाहेर पडली होती आणि पुठ्ठा खिळ्यावर होता.

*

साडेचार महिन्यांनी, एका शुक्रवारी, क्लेमनं काउंटरवरचा फोन ठेवला, पण हात फोनवरच राहू दिला.

"टारलोची गाडी," तो म्हणाला. "काल पहाटे. उजाडता उजाडता बैल आला मध्ये. सूर्य समोर, काही दिसलं नसणार. निव्हनच्या बरगड्या मोडल्यात. बरोबर एक बाई होती, ती गेली."

मेरिनच्या हातात वायरचं वेटोळं होतं. "मागं होती?"

"ते नाही सांगितलं त्यांनी."

ती मागं असणार. त्या गाड्यांना मागं पिंजरा असतो. पकडलेला माणूस त्यात बसतो, कधी दारू प्यायलेलं, कधी भांडणातलं कुणी. पिंजऱ्यात पट्टे नीट नसतात. बाई पडली असेल, डोकं आपटलं असेल. शनिवारी पर्लीला आंघोळ घालताना आणि रविवारी तिला भोपळा भरवताना मेरिन हेच स्वतःशी म्हणत राहिली. आणि एक बाई पिंजऱ्यात मेलेली असावी अशी आपण इच्छा करतोय, हे लक्षात आलं तेव्हा चमचा वाटीतच राहिला. पर्ली तोंड उघडून वाट पाहत होती.

सोमवारी ती गाडी ट्रकवर ताडपत्रीखाली वर्कशॉपला आली. गाडी भंगारात जाणार होती. तपासवाल्यांचे फोटो काढून झाले होते. रेडिओ, सायरन, दिवे, जे सरकारी आहे ते काढून परत द्यायचं एवढंच काम होतं. ट्रकवाला टारलोचाच. तो क्लेमशी बराच वेळ हळू आवाजात बोलत होता.

मेरिननं डावं दार उघडलं.

सीट अगदी पुढं ओढलेली होती. उंचीनं लहान माणूस बसतं तेव्हा ओढतात तशी. सीटवर कुणीतरी गोणपाट टाकला होता. तिनं तो उचलला नाही. पण त्याच्या खालून लोकरीनं विणलेल्या उशीची कड दिसत होती, हिरवी आणि पिवळी. सीटबेल्टला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावलेला होता. पट्टा मानेला काचू नये म्हणून म्हातारी माणसं लावतात तसा. एका फेरीसाठी कुणी चिमटा आणत नाही.

क्लेम तिच्यामागं येऊन उभा राहिला.

"डल्सी मावशी," तो म्हणाला. "नदीकाठच्या वस्तीतली. तिथल्या जुन्या माणसांपैकी शेवटची. दीड वर्ष झालं, दर सोमवारी आणि गुरुवारी निव्हन तिला डायलिसिसला घेऊन जायचा. एकशे चाळीस किलोमीटर जायचं, ते होईस्तोवर थांबायचं, तेवढंच परत. पोलिसाच्या गाडीत पुढं कुणाला बसवायचं नाही असा नियम आहे, म्हणून वर कुणाला बोलला नव्हता. सगळ्या टारलोला माहीत होतं, फक्त कागदाला माहीत नव्हतं."

"मागं का नाही बसवलं?"

"ती बसणार होय! तिचा पोरगा बसला होता मागं. चौऱ्याण्णव साली. ठाण्यापर्यंत पोचेस्तोवर संपला होता. तेव्हापासून ती म्हणायची, पिंजऱ्यात मी मेल्यावर घाला. निव्हननं पहिल्या दिवशी मागचं दार उघडलं, तर ती चालत घरी गेली. दुसऱ्या दिवशी त्यानं पुढचं उघडलं."

मेरिननं दाराची कड धरली होती. पत्रा उन्हानं तापला होता, तरी तिनं हात काढला नाही.

क्लेमनं खिशातून एक कागद काढून हात लांब करून वाचला. "तपासवाल्यांनी लिहिलंय. स्क्रीनचा स्टँड मूळ जागेवरून हलवलेला आढळला. सार्जंट निव्हन यांनी तो आपण स्वतः, आपल्या हत्यारांनी हलवला असं लिहून दिलं आहे. वर्कशॉपचा कागद बरोबर आहे, जागा मोकळी होती."

कागद घडी करून त्यानं परत खिशात ठेवला. मग गुडघा सांभाळत वाकला आणि स्टँड उपटून निघालेल्या जागी, डॅशबोर्डवर, बोट फिरवलं. चार भोकं होती. एका भोकात रबरी कडी अजून तशीच होती. क्लेमनं नखानं कड तपासली. कुठंच टोचली नाही.

"कानस मारलीय," तो म्हणाला. "पायरीच्या ड्रिलनं पाडलंय, वर्कशॉपात असतं तसल्या, एका दमात. कडीसुद्धा बसवलीय, वायर घासू नये म्हणून." तो सरळ झाला. "हात चांगला आहे सार्जंटचा."

"क्लेम—"

"मी काही विचारलेलं नाही." तो हात पुसत होता; हाताला काही लागलेलं नव्हतं. "मी विचारलं तर तुला सांगावं लागेल. आणि मला सांगितलंस की मला त्यांना सांगावं लागेल. आधी त्याच्याशी बोल."

*

तिनं पाळणाघरासमोर गाडी उभी करून फोन लावला. खूप वेळ वाजला.

"निव्हन."

"सार्जंट, मी मेरिन. वर्कशॉपमधली."

"हां. पोरीचा ताप उतरला का गं?"

तो चार-साडेचार महिन्यांपूर्वीचा ताप विचारत होता.

"उतरला," ती म्हणाली. "तुम्ही कसे आहात?"

"हसता येत नाही मला, बरगड्यांमुळं. नाहीतर काही नाही."

"तुम्ही खोटं लिहून दिलंत."

"तू मला विचारलंस, इथं कुणी बसतं का. मी म्हटलं, कुणी नाही. खोटं तेव्हाच बोलून झालं होतं. आता फक्त ते पुरं केलं."

"मला खरं सांगितलं असतंत तर—"

"तर तू नाही म्हणाली असतीस. आणि मला ते वाचता आलं नसतं. एवढंच. एवढ्यासाठी." पलीकडे कुत्रं भुंकलं, तो त्याला गप्प बस म्हणाला. "हे बघ, तुझं पोर लहान आहे. मला सत्तावन्न संपतायत. नोकरीचं माझं जे व्हायचं ते तिला पुढं बसवल्यावरूनही होणारच होतं. त्यात चार भोकं आणखी. कुणाच्या लक्षात येणार आहे?"

पाळणाघराच्या जाळीमागं पर्ली एका बाईच्या कडेवर होती. तिनं आईची गाडी ओळखली आणि दोन्ही हात हवेत केले.

मेरिन म्हणाली, "मी परत फोन करीन."

तिनं केला. दर गुरुवारी करू लागली. का गुरुवार, ते दोघांनाही माहीत होतं, बोललं कुणी नाही. निव्हनला गाडी चालवायची बंदी होती, काम काढून घेतलं होतं. ठाण्यामागच्या घरात तो एकटा राहायचा. बायको केव्हाच दक्षिणेला निघून गेली होती. तो टोमॅटोंबद्दल बोलायचा, कुत्र्याच्या कानाबद्दल बोलायचा. एकदा म्हणाला, साडेचारला जाग येते, किटली ठेवतो, दोन कप काढतो, मग एक परत ठेवतो. डल्सी मावशी डब्यात बिस्किटं आणायची, आणि सगळ्या रस्ताभर माझ्या ड्रायव्हिंगला नावं ठेवायची. म्हणायची, बैलगाडी बरी.

एका गुरुवारी तो म्हणाला, "तिची भाची आली होती काल. आत ये म्हटलं, आली नाही. फाटकापाशीच उभी राहिली. म्हणाली, मागं बसवलं तरी मारता, पुढं बसवलं तरी मारता."

"मग?"

"मग काय. बरोबर बोलली."

"सार्जंट, तुम्ही तिला सांगायला हवं होतं की ते तुम्ही नाही, मी—"

"मी सांगितलं. म्हटलं, मी केलं. सगळ्यांना तेच सांगतो मी. तपासवाले तीनदा येऊन गेले, तिन्हीदा सांगितलं. खरं सांगू? ते सांगताना पाय जमिनीला लागल्यासारखे वाटतात."

मेरिननं हे ऐकलं. ऐकलं, पण धरून ठेवलं नाही. तिचं मन पहिल्याच वाक्यावर अडकलं होतं. फाटकापाशी उभी राहिलेली बाई तिला दिसत होती, आणि त्या बाईचा राग चुकीच्या घरी पोचला होता.

पर्ली पलंगाची कड धरून उभी राहायला लागली. मेरिन तिच्यामागं दोन्ही हात पसरून फिरायची. एकदा ती पडली, ओठ फुटला, थेंबभर रक्त आलं, आणि मेरिन इतकी रडली की पर्ली आपलं रडणं थांबवून तिच्याकडे बघत राहिली.

त्या दुपारी, पर्ली झोपल्यावर, मेरिननं स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन पानं लिहिली. तारीख, वेळ, ड्रिल, चार भोकं, पुठ्ठा. कागदावरची खूण खोटी आहे आणि ती माझी आहे. क्लेमनं मला आधी सांगितलं होतं.

क्लेमनं दोन्ही पानं उभ्यानं वाचली. ती धाडली तर पोलिसांचं काम वर्कशॉपला पुन्हा मिळणार नव्हतं. त्यानं ते तोंडातून काढलं नाही.

"खरं लिहिलंयस," तो म्हणाला. "धाड. पण आधी त्याला सांग. हा कागद त्याच्यापर्यंत दुसऱ्याच्या हातून जाऊ देऊ नको."

"गुरुवारी सांगते."

"आज सांग."

"आज सांगितलं तर ते मला नको म्हणतील, क्लेम. आणि मी ऐकीन."

तिनं ते पाकीट सोमवारीच पोस्टात टाकलं. परत येताना तिला हलकं वाटलं, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. तिनं पर्लीसाठी लाल टोपी घेतली. वाटेत तिच्या मनात निव्हनच होता: आता त्याच्या डोक्यावरचं उतरेल, भाचीला खरं कळेल, तो निदान या एका गोष्टीतून सुटेल.

गुरुवारी त्यानं पहिल्याच घंटेला फोन उचलला.

"त्यांनी सांगितलं मला," तो म्हणाला. "काल आले होते."

"सार्जंट, मी आज सांगणारच होते तुम्हाला. मला वाटलं, तुमच्यावरचं—"

"हो हो. चांगलं केलंस." पलीकडे नळ चालू होता. तो बंद व्हायचा आवाज आला नाही. "म्हणाले, भोकांचे फोटो पुन्हा पाहिले त्यांनी. म्हणाले, निव्हन, आता तुला काही विचारायचं उरलेलं नाही."

मेरिननं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काहीच विचारायचं नाही म्हणाले," तो पुन्हा म्हणाला, जसं काही त्याला ते नीट ऐकू आलं नव्हतं. "पोरीला जप."

पुढच्या गुरुवारी फोन वाजत राहिला. त्याच्या पुढच्याही.

मग तपासवाल्यांचं पत्र आलं. सुनावणी सात आठवड्यांनी. तोवर साक्षीदारांनी एकमेकांना भेटू नये, फोन करू नये, निरोप पाठवू नये. केल्यास साक्ष बाद होईल. खाली तीन नावं होती: निव्हन, मेरिन, क्लेम.

क्लेमनं पत्र काउंटरवर ठेवलं आणि जिल्ह्याच्या पोलीस कचेरीला फोन लावला. तिथल्या माणसानं विचारलं, आपण कोण. क्लेमनं नाव सांगितलं. तो माणूस म्हणाला, सार्जंट रजेवर आहेत, आपण यापुढं विचारणा करू नये.

"त्याचं पिस्तूल कुणाकडे आहे, एवढं तरी सांगा," क्लेम म्हणाला.

फोन ठेवल्याचा आवाज मेरिनलाही ऐकू आला.

"जमा केलं असेल त्यांनी," ती म्हणाली. "काम काढून घेतलं तेव्हाच. नियमच आहे तो."

"असेल." क्लेम स्टुलावर बसला, गुडघा हातानं सरळ केला. "टारलोत प्रत्येक घरात एक बंदूक असते, मेरिन. सापांसाठी, डुकरांसाठी. नियम तिथवर पोचता पोचता दमतो."

भिंतीवरचे पुठ्ठे वाऱ्यानं जरासे हलत होते.

"मला वाटलं मी त्यांचं ओझं उतरवलं," मेरिन म्हणाली.

"उतरवलंस. पण काही माणसं ओझ्यामुळंच उभी असतात गं." मग तिचा चेहरा पाहून तो घाईनं म्हणाला, "तुला तेच करायला हवं होतं. मीही तेच केलं असतं. मी फक्त आज पाहतोय ते सांगतो."

तेव्हापासून मेरिन विचारत असते. वर्कशॉपला आलेल्या प्रत्येकाला, ज्याची गाडी पश्चिमेला निघालेली आहे त्याला: मेंढ्यांचा ट्रक नेणारे, पाण्याच्या टाक्या पोचवणारे, एकदा एका म्हाताऱ्या जोडप्याला, जे नुसतंच वाळवंट बघायला चाललं होतं. ती नाव सांगते, पत्ता सांगते. लोक हो म्हणतात. काही जण त्या वाटेनं परत येत नाहीत. एक जण आला आणि म्हणाला, दार वाजवलं, कुणी नव्हतं, कुत्रं बांधलेलं होतं, मग आम्ही निघालो. कुत्र्यासमोर पाणी होतं का, असं मेरिननं विचारलं. त्याला आठवेना.

सुनावणीला अजून चार आठवडे आहेत. म्हणून हे वाचणारं कुणी त्या रस्त्यानं जाणार असेल, तर तिचं एवढंच सांगणं आहे:

टारलोत शिरलात की पाण्याच्या उंच टाकीपाशी वळा. ठाण्याचं पुढचं दार बंदच असेल, ते वाजवू नका. मागं जा. टोमॅटोच्या वाफ्याशेजारून वाट आहे. त्याचं नाव निव्हन. तुम्हाला रस्ता विचारायचाय म्हणा, पाणी हवंय म्हणा, गाडी तापलीय म्हणा, काहीही म्हणा. मदत मागितली तर तो नाही म्हणत नाही. मी पाठवलंय असं सांगू नका. मला कळवूही नका, तशी परवानगी नाही. तो आतून हाक देईल आणि येणार नाही, किंवा हाकही देणार नाही. तरी निघून जाऊ नका. दार उघडेपर्यंत थांबा.